कंपनीनं ट्रॅक्टर घ्यावा का?

या वेळचं पत्र हिंगोली जिल्ह्यातून आलंय, एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाचं. नाव छापू नका म्हणालेत, का ते पत्र वाचून कळेलच.

"राम राम. आमच्या कंपनीत 11 गावांचे 420 सभासद आहेत, प्रत्येकी 2,000 चा शेअर. आजवर सोयाबीनचं बियाणं आणि खत विकलं, बरं चाललंय. आता अवजार बँक काढायचं ठरतंय, म्हणजे यंत्रं कंपनीनं घ्यायची आणि सभासदांना भाड्यानं द्यायची. दोन 50 एचपी ट्रॅक्टर, दोन रोटाव्हेटर, दोन बीबीएफ (रुंद वरंबा आणि सरी पाडत पेरणारं यंत्र), दोन पलटी नांगर, एक मळणी यंत्र, सगळं मिळून 26 लाख. 60 टक्के अनुदान बसेल असं सांगतात. ज्यांनी प्रकल्प अहवाल करून दिला त्यांनी 420 सभासद, सरासरी 4 एकर, एकरी तीन कामं आणि कामाला 1,200 रुपये धरून वर्षाची 60 लाखाची उलाढाल दाखवलीय. आम्ही सात संचालक, त्यातल्या तिघांकडं स्वतःचे ट्रॅक्टर आहेत आणि गंमत म्हणजे तेच जास्त मागं लागलेत. मी एकटाच जरा थांबा म्हणतोय तर मला खोडा घालणारा म्हणतात. पुढच्या महिन्यात सभा आहे. कंपनीला हे झेपेल का, आणि झेपेल की नाही हे ओळखायचं कसं?"

दादा, राम राम. आधी एक सांगतो, तुम्ही खोडा घालत नाही, तुम्ही एकटेच हिशोब विचारताय. आणि मी हे खुर्चीत बसून बोलत नाहीये, मी स्वतः चार वर्षं एका गटाची अवजार बँक सांभाळली, दुसऱ्या जिल्ह्यात, व्यवस्थापक म्हणून. त्यातली पहिली दोन वर्षं कशी गेली ते पुढं येईलच.

तो 60 लाखाचा आकडा आधी बाजूला ठेवा. 420 गुणिले 4 म्हणजे 1,680 एकर, गुणिले तीन, गुणिले 1,200, झाले 60 लाख 48 हजार. गुणाकार बरोबर आहे, फक्त त्यात दिवस कुठंच नाहीत. दोन ट्रॅक्टरनी 1,680 एकरावर तीन तीन कामं करायची म्हणजे 5,040 एकराचं काम, वर्षाचे 365 दिवस रोज सात एकर एका ट्रॅक्टरनं, पोळ्याला पण सुट्टी नाही आणि पावसात पण सुट्टी नाही. शेतात असं काम असतं का? आपल्याकडं सगळ्यांना एकच काम एकाच आठवड्यात पायजे असतं, नंतर दोन दोन महिने कुणी फोन करत नाही.

म्हणून अवजार बँकेचा अभ्यास करायचा तर सभासद मोजू नका, वापशाचे दिवस मोजा, म्हणजे जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही असे कामाचे दिवस. सोयाबीनचंच घ्या, तुमचा सगळा पट्टा सोयाबीनचा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं, तो पाऊस जूनच्या दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात कधीतरी होतो, मग एकदोन दिवस जमीन चिखल असते, मग वापसा येतो, दोन दिवस पेरणी चालते की परत पाऊस. काळ्या जमिनीत तर ट्रॅक्टर घालायची सोयच नसते. जुलैचा मध्य गेला की सोयाबीन पेरायला उशीर झाला. या सगळ्या महिन्यात यंत्र खरं चालतं ते दहा बारा दिवस. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरला विचारा, गेल्या तीन जूनमध्ये किती दिवस पेरणी केली, तो बोटावर मोजून सांगेल.

आता 12 दिवस धरू. बीबीएफनं दिवसाला 12 एकर होतं असं धरू, तुकडे लहान, बांध आडवे, एका वावरातून दुसऱ्यात जायला वेळ, बियाणं भरायला वेळ, त्यामुळं कंपनीचा माणूस जे सांगतो त्यापेक्षा कमीच धरा. दोन यंत्रं, 12 दिवस, 12 एकर, झाले 288 एकर. माणशी 4 एकर म्हणजे 72 सभासद. उरलेले 348 जण काय करणार? त्यांनी पण 2,000 रुपये भरलेत. ते तुमच्या दारात येणार, नाहीतर कंपनीला शिव्या देत खाजगी ट्रॅक्टर बोलावणार, आणि पुढच्या वर्षी बियाणं पण दुसरीकडून घेणार. म्हणजे जो धंदा आज बरा चाललाय तो पण या धंद्यापायी बसायचा. ही भीती मला पैशाच्या तोट्यापेक्षा मोठी वाटते.

मी त्या पहिल्या वर्षाची एक संध्याकाळ विसरत नाही. 20 एक तारीख असेल जूनची, दोन दिवसांनी पाऊस उघडला होता आणि सकाळपासून माझ्या फोनवर नुसता पाऊस चालू. पाळीप्रमाणं यंत्र पश्चिमेच्या शिवारात जायचं होतं. दुपारी तीनला तिथल्या म्हातारबाबांचा फोन आला, यंत्र आलंच नाही, मी आणि सुनबाई बियाण्याची पोती घेऊन बांधावर बसलोय. ड्रायव्हरला फोन लावला तर बंद. गाडी काढून शोधत गेलो तर यंत्र उलट्या दिशेला, आमच्याच एका पदाधिकाऱ्याच्या मेव्हण्याच्या वावरात, तो सभासद पण नव्हता. ड्रायव्हर म्हणाला साहेबांनी सांगितलं, मी काय करू. वर ओल जास्त असताना घाई केलेली, फणाच्या मागच्या नळ्या चिखलानं बुजलेल्या, चार ओळींपैकी एका ओळीत दाणाच पडत नव्हता आणि कुणाच्या लक्षात नव्हतं. रात्री परत पाऊस आला. म्हातारबाबांची पेरणी नंतर नऊ दिवसांनी झाली. ते मला काही बोलले नाहीत, पण पुढच्या वार्षिक सभेला आले नाहीत, त्यांच्या वाडीतलं कुणीच आलं नाही.

तर तुमचा पहिला अभ्यास हा, की तुमच्या कंपनीत पाळी पाळली जाईल का. कागदावर सगळेच हो म्हणतात. खरी परीक्षा अशी घ्या, सभेत सरळ विचारा की संचालकांची शेतं शेवटच्या पाळीला, चालेल का? जो गप्प बसेल त्याच्याकडं बघून ठेवा. आणि पाळी फोन आधी आला त्याला अशी लावूच नका, त्यात ज्याचा पोरगा मोबाइलवर तेज त्याचा नंबर पहिला. शिवार धरून लावा, एका शिवारात यंत्र शिरलं की तिथली नोंदलेली सगळी वावरं करूनच बाहेर पडायचं, नाहीतर दोन एकरासाठी 14 किलोमीटर जायचं आणि डिझेल कंपनीचं जाळायचं. कुठलं शिवार आधी हे पाडव्याला चिठ्ठ्या टाकून ठरवा, सगळ्यांसमोर, एखाद्या लहान पोरीच्या हातानं चिठ्ठी काढून. पाडव्याला आपल्याकडं सालगडी ठरतो, तसंच यंत्राचं साल पण ठरू द्या, लोकांना ते लगेच पटतं.

आता पैशाचं. एका ट्रॅक्टरचा वर्षाचा हिशोब मी माझ्या अंदाजानं मांडतो, तुम्ही तुमच्या गावचे दर टाकून परत करा. उन्हाळ्यात पलटी नांगर 40 दिवस, रोज साडेचार एकर, 180 एकर, 2,000 नं 3 लाख 60 हजार. रोटाव्हेटर पावसाआधी आणि रब्बीआधी मिळून 30 दिवस, रोज सात एकर, 210 एकर, 1,300 नं 2 लाख 73 हजार. बीबीएफ खरिपाला 12 दिवस आणि हरभऱ्याला 12 दिवस, 288 एकर, 900 नं 2 लाख 59 हजार. बेरीज साधारण 8 लाख 92 हजार. दोन्ही ट्रॅक्टर मिळून 18 लाखाच्या आत, वर मळणी यंत्राचं काय येईल ते येईल. कुठं 60 लाख आणि कुठं हे. आणि मी दिवस उदार हातानं धरलेत बरं का, मध्ये बिघाड नाही, लग्न नाही, ड्रायव्हरची दांडी नाही.

त्यातून डिझेल सगळं मिळून 3,300 लिटर धरा, 90 रुपयानं 3 लाख गेले. ड्रायव्हर 15,000 महिना, 1 लाख 80 हजार, आणि तो बारा महिने ठेवावा लागतो, 94 दिवसांसाठी चांगला ड्रायव्हर कुणाला मिळत नाही, मिळाला तर तो चांगला नसतो. रोटाव्हेटरची पाती, बेअरिंग, ऑइल, टायर, नांगराचे फाळ यात 80,000. विमा आणि किरकोळ 25,000. फोन घ्यायला, वही लिहायला एक पोरगा लागतोच, त्याचा अर्धा पगार या ट्रॅक्टरवर टाकला तर 72,000. उरले 2 लाख 35 हजार. ट्रॅक्टर आणि त्याची तीन अवजारं मिळून पावणेबारा लाखाची, दहा वर्षांत ती संपणार, म्हणजे वर्षाला 1 लाख 17 हजार बाजूला ठेवलेच पायजेत, हा घसारा कुणी धरत नाही कारण तो कुणाला द्यावा लागत नाही, पण आठव्या वर्षी इंजिनचं काम निघालं की तोच पैसा शोधत फिरतात. राहिले 1 लाख 18 हजार. कर्ज काढून घेतलं असेल आणि अनुदान अजून आलं नसेल तर 10 टक्क्यांनी व्याजच 1 लाख 17 हजार. म्हणजे वर्षभर धूळ खाऊन शिल्लक राहिले हजार रुपये.

आणि यात उधारी अजून आलीच नाही! 8 लाख 92 हजारातला पाचवा हिस्सा जरी अडकला तरी पावणेदोन लाखाच्या वर पैसे लोकांकडं. खाजगी ट्रॅक्टरवाला उधारी देतो हे खरं, पण तो सोयाबीन विकल्याच्या दुसऱ्या दिवशी दारात येऊन बसतो, त्याच्या घरचा हप्ता असतो. कंपनीच्या उधारीला कुणी मालक नसतो, "आपलीच कंपनी आहे, देऊ की" म्हणतात. आमच्याकडं पहिल्या वर्षअखेर येणं होतं त्यात सगळ्यात मोठा आकडा कुणाचा असेल ओळखा. बरोबर. ज्याच्या मेव्हण्याचं वावर पेरलं त्याचाच.

त्यामुळं दुसरा अभ्यास तुमच्या जुन्या वहीतच आहे. बियाणं खत तुम्ही विकताच, तर गेल्या दोन वर्षांची उधारी काढा. किती दिली, किती दिवसांत आली, किती अजून यायची, आणि संचालक व त्यांच्या घरच्यांकडं किती. बियाण्याची उधारी दिवाळीपर्यंत नव्वद टक्के वसूल होत असेल तर तुमच्या कंपनीत दम आहे, मग पुढचं बोलू. वसूल होत नसेल तर ट्रॅक्टर घेऊन ती होणार नाही, वाढेल. हा एक कागद तुम्ही सभेत ठेवलात तर प्रकल्प अहवालाच्या 40 पानांना तो भारी पडेल.

दरावरून पण तुमच्यात वाद होईल. सभासदाला स्वस्त द्यायचं असं सगळे म्हणतील आणि खाजगीपेक्षा 300 रुपये कमी दर लावतील. नका करू असं. बाजाराचाच दर लावा, काम व्हायच्या आधी निम्मे पैसे आणि झाल्यावर वावरातच बाकीचे, फोन पे करा नाहीतर रोख द्या. सवलत द्यायची ती वर्षाच्या शेवटी, ज्यानं जेवढं काम कंपनीकडून घेतलं त्या प्रमाणात परत. उत्पादक कंपनीच्या कायद्यात व्यवहाराच्या प्रमाणात बोनस द्यायची सोय आहेच, तिचा उपयोग फार कमी कंपन्या करतात. शिल्लक राहिली तर वाटा, नाही राहिली तर कुणाला काही द्यायचं नाही आणि तोंडही वाईट होत नाही.

अनुदानाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर तुम्हाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. अनुदान पाठीमागून येतं. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी, मग मोका तपासणी, मग खात्यात पैसे. पूर्वसंमतीच्या आधी बिल फाडलं तर ते अनुदान गेलंच समजा. म्हणजे 26 लाख आधी उभे करायचे तुम्ही. तुमचं भाग भांडवल 8 लाख 40 हजार, आणि ते आज बियाण्याच्या खरेदीत फिरत असणार. 60 टक्के मिळाले तरी 10 लाख 40 हजार स्वतःचे लागतात, म्हणजे सगळं भांडवल ओतूनही दोन लाख कमी. टक्का किती बसेल ते पण योजनेनुसार बदलतं, तुम्ही कुठल्या योजनेत अर्ज करणार ते आधी ठरवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडून लेखी घ्या, चहाच्या टपरीवरचा टक्का धरू नका. कर्जच काढायचं झालं तर कृषी पायाभूत सुविधा निधीत अवजार भाडे केंद्र बसतं, त्यात 2 कोटीपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे सात वर्षांपर्यंत, बँकेला त्या योजनेचं नाव घेऊनच विचारा, अजून चालू आहे का ते पण, आपणहून सांगत नाहीत. आणि कोटेशन जुनं असेल तर फेकून द्या, 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, 26 लाखात त्याचा फरक दिसलाच पायजे. शेतीसाठी अवजार भाड्यानं देण्यावर जीएसटी लागत नाही, ते एक बरंय. विम्याची पॉलिसी मात्र नीट वाचा, भाड्यानं वापरायला चालते का ते, साधी शेतीची पॉलिसी काढून ठेवतात आणि अपघात झाला की मग कळतं.

आता तुमच्या त्या तीन संचालकांकडं येऊ. मला ते वाईट माणसं वाटत नाहीत. पण ज्याचा स्वतःचा ट्रॅक्टर गावात भाड्यानं फिरतो त्यानं कंपनीचा ट्रॅक्टर कशाला मागावा, हा प्रश्न विचारायलाच पायजे. एक तर त्याला आपल्या ट्रॅक्टरचा हप्ता जड झालाय आणि कंपनीचा आपल्या ताब्यात राहील असं वाटतंय, किंवा त्याला अनुदानातली अवजारं आपल्या ट्रॅक्टरला लावायचीत, किंवा खरंच गावाचं भलं. तिन्ही शक्य आहे, एकाच माणसात तिन्ही असू शकतं. आमच्या गटात दुसरंच झालं होतं, पेरणीच्या ऐन दिवसांत गटाचा ट्रॅक्टर "बिघडायचा" आणि त्याच दिवशी पदाधिकाऱ्याचा ट्रॅक्टर जोरात चालायचा. दोन वेळा झालं तेव्हा मी अवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा काटा, बघायला लागलो, तर त्याची वायरच काढून ठेवलेली. डिझेल किती टाकलं आणि तास किती झाले याचा मेळ लागू नये म्हणून. तेव्हापासून माझा नियम, रोज संध्याकाळी अवर मीटरचा फोटो ग्रुपवर आल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचं डिझेल मिळत नाही.

पण याच तीन ट्रॅक्टरांमध्ये तुमच्या प्रश्नाचं उत्तर पण आहे असं मला वाटतं. तुमच्या 11 गावांत ट्रॅक्टर किती आहेत, मोजलेत का? मोजा. मला खात्री आहे की कमी नसतील, आपल्याकडं आता ट्रॅक्टर कमी नाहीत, हप्ते जास्त आहेत. प्रत्येक ट्रॅक्टरमागं कल्टिव्हेटर आणि रोटाव्हेटर असतोच, दारात. नसतं काय? बीबीएफ नसतं. कारण वर्षातून 24 दिवस चालणाऱ्या यंत्रात 80,000 कोण घालणार एकटा. आणि तुमच्या काळ्या जमिनीला तेच तर पायजे, जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जातं, ताण पडला तर वरंब्यात ओल राहते, बियाणंही कमी लागतं.

मग कंपनीनं ट्रॅक्टर घ्यायचाच कशाला? चार बीबीएफ घ्या, 3 लाख 20 हजार. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना ती एकरी 250 भाड्यानं द्या, अट एकच, पाळी कंपनीची. ट्रॅक्टर त्यांचा, डिझेल त्यांचं, ड्रायव्हर त्यांचा, बिघाड त्यांचा. चार यंत्रं, 12 दिवस, 12 एकर म्हणजे 576 एकर, 144 सभासद. 26 लाखात 72 जणांची पेरणी वेळेवर होत होती, आठव्या हिश्श्याच्या पैशात दुप्पट जणांची होतेय. भाडं खरिपाचं 1 लाख 44 हजार, हरभऱ्याला निम्मं जरी चाललं तरी दोन लाखाच्या वर जातं. त्यातून दुरुस्ती आणि वहीवाला पोरगा भागवा, दोन वर्षांत यंत्राचे पैसे निघायला हरकत नाही. आणि तुमचे तिघे संचालक भांडणातून बाहेर पडून गिऱ्हाईक होतात.

हे मी काही नवीन शोधलं नाही. जर्मनीत बव्हेरियातल्या बुखहोफेन गावी 1958 मध्ये अशीच मंडळी जमली, यंत्रं ज्याची त्याच्याकडंच, मध्ये फक्त एक माणूस कुणाला काय पायजे आणि कुणाकडं काय मोकळं आहे हे जुळवणारा. तिकडं त्याला मशिनेनरिंग म्हणतात, पुढं ते देशभर पसरलं. आपल्याकडं तर सावड होतीच की, एक बैल तुझा एक माझा, आज तुझं वावर उद्या माझं. आजोबांना बोर्ड मीटिंग लागत नव्हती. फ्रान्समध्ये मात्र शेतकरी मिळूनच यंत्र घेतात, क्युमा म्हणतात त्याला, पण त्यांची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, यंत्र घ्यायच्या आधी प्रत्येकानं किती एकरासाठी वापरणार ते लिहून द्यायचं आणि त्याच प्रमाणात भांडवल घालायचं. नुसतं हात वर करून "घ्या घ्या" नाही.

अवजार भाड्यानं देण्यात डोकेदुखी नाही असं नाही. यंत्र परत येतं तेव्हा फण वाकलेला असतो, बियाण्याच्या पेटीत दाणे राहून कोंब आलेले असतात, साखळी कोरडी ठणठणीत. म्हणून 5,000 अनामत, आणि नेताना व आणताना चारही बाजूंनी फोटो, ग्रीस मारून दिलं तसं ग्रीस मारून घ्यायचं. एकर पण चोरतात, 12 केले तर 9 सांगतात, तर गट नंबर टाकून नोंद करा आणि शेतकऱ्याला त्याच दिवशी मेसेज जाऊ द्या "तुमचे 4 एकर झाले, बरोबर का", तोच तुमचा इन्स्पेक्टर. ट्रॅक्टरवाल्यानं शेतकऱ्याकडून 900 च घ्यायचे हे पण लिहून घ्या, नाहीतर जूनमध्ये तो 1,200 मागेल आणि नाव कंपनीचं खराब होईल.

मळणी यंत्राला मी लगेच नाही म्हणणार नाही. ऑक्टोबरात सगळ्यांना घाई असते, गंजी लावून ठेवलेली, वर ढग, आणि तेव्हा मळणीवाले कसे वागतात ते तुम्हाला माहितीये. पण ते दुसऱ्या वर्षी. त्यात हात जायची भीती असते, माणूस अनुभवी लागतो, आणि विमा माणसांचा पण लागतो.

ट्रॅक्टर कधी घ्यावा, तर तीन गोष्टी जुळल्यावर, माझ्या मते. अवजारांची दोन वर्षांची वसुली स्वच्छ, पाळी मोडल्याची तक्रार नाही, आणि एका शिवारातून तरी वर्षाला 700 तासांचं काम लेखी आलेलं. वरच्या हिशोबातले 94 दिवस म्हणजे साधारण तेवढेच तास होतात, आणि तेवढ्यात हजार रुपये राहत होते हे विसरू नका. पुस्तकी हिशोबात ट्रॅक्टर वर्षाला 1,000 तास चालला पायजे असं धरतात, खाजगीवाला ते ऊस वाहून, मुरूम वाहून भरतो. कंपनी मुरूम वाहणार आहे का? वाहणार असेल तर आरटीओची भानगड वेगळी.

सभेआधी तुमच्याकडं महिना आहे ना, तर प्रत्येक गावात एक संध्याकाळ बसा, पारावर नाहीतर मारुतीच्या देवळात. वही घ्या. विचारायचं एवढंच, येत्या खरिपात बीबीएफनं किती एकर पेरणार, गट नंबर कुठला, आणि एकरी 100 रुपये आगाऊ आत्ता देता का. पावती फाडायची. नावं शंभर सांगतील, पैसे तीस देतील, ते तीस खरे. 576 एकर भरायला 57,600 रुपये जमायला पायजेत. 400 एकराच्या पुढं गेलं तर चार यंत्रं घ्या, 250 च्या आसपास अडकलं तर दोनच घ्या, आणि 100 पण झाले नाहीत तर लोकांचे पैसे परत करून बियाण्याचा धंदा नीट करा, त्यात काय लाज. सभेत भाषण करू नका, ती वही आणि उधारीचा कागद टेबलावर ठेवा आणि त्या तिघांना विचारा, तुमचे ट्रॅक्टर या चार यंत्रांना 12 दिवस लावता का, कंपनीच्या पाळीनं, 900 च्या दरानं, आणि सही आजच करता का.

काय म्हणाले ते मला नक्की कळवा. विशेषतः सही करताना पेन कुणी मागितलं ते.